शंभराला एक

रात्री साडेनऊला फोन येतो,
तिकडं सकाळचे दहा.
वैजू मोबाईल फिरवत एकेक खोली दाखवते,
सॅस्कटूनमधली,
जिथं गव्हाच्या रानात म्हणे
दर उन्हाळ्याला नव्या गल्ल्या उगवतात.

मी म्हणतो, भिंत वाजव.
ती बोटाच्या पेरानं वाजवते.
पोकळ.
"लाकडाचीच असतात इथं, पप्पा. मधी कापूस भरतात."
चाळीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न केले मी,
सागवान, शिवण, कधी देवदार.
लाकूड मला फोनवरनंसुद्धा कळतं.
हे मऊ आहे, गाठीचं,
पण सरळ दिसतंय.
सरळ असलं की झालं, शालन म्हणाली.
जावयाबद्दलही ती एवढंच म्हणाली होती.

मग जिना उतरून तळघर.
कोपऱ्यात पत्र्याची करडी पेटी,
तिच्या नळ्या छताला गेलेल्या.
"ही फर्नेस."
मी चष्मा पुसला.

शिरोलीत भट्टीपुढं
माझ्या धाकट्या भावाचा एक डोळा गेला.
त्या रात्री ठरवलं होतं,
ह्या पोरीला भट्टीचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही.
आणि आता ही
पंचवीस वर्षांच्या हप्त्यानं
भट्टीसकट घर घेणार.
"किती टनाची?" मी विचारलं.
ती इतकी हसली की शेजारी उभ्या बाईनं
काहीतरी विचारलं इंग्रजीत.
वैजूनं तिला सांगितलं नाही.

सहाजण बघून गेलेत.
संध्याकाळपर्यंत आकडा पाकिटात घालून द्यायचा,
दुसऱ्यानं किती घातलाय ते विचारायचं नाही.
म्हणजे गुळाचा सौदाच की,
वडील सांगायचे तसा,
रुमालाखाली बोटं दाबायची
आणि तोंडावर काही दाखवायचं नाही.

ते घर गेलं. कुणीतरी चाळीस हजार वर टाकले.
चाळीस हजार काय, हे मी दोनदा विचारलं.

पैशाचं ती बोलली नाही.
मीही नाही.

आमच्या धंद्यात एक पट्टी असते,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून किंचित मोठा.
ओतलेलं लोखंड गार होताना आक्रसतं,
बिडाला शंभराला एक,
म्हणून पॅटर्न आधीच तेवढा वाढवून करायचा.
त्या आक्रसण्याला संकोच म्हणतात.
पुस्तकातही हाच शब्द आहे,
मी बघितलाय.

पाचगावच्या माळावर आमचा दीड गुंठा.
चौऱ्याण्णवला घेतला, भिशी उचलून.
चार कोपऱ्यांना चार बिडाच्या खुंट्या,
मीच ओतून घेतलेल्या, डोक्यावर 'वै' अक्षर.
दोन खोल्या काढायच्या होत्या, पुढं एक पायरी,
पायरीवर बसायचं, बस.
तेवढ्यात तिचं इंजिनिअरिंग आलं,
मग विमान आलं,
मग चारी बाजूंनी अपार्टमेंटी आल्या
आणि आमचा तुकडा मधी राहिला
पडलेल्या दाताच्या जागेसारखा.

गुरुवारी दस्त झाला.
घेणाऱ्यानं विचारलं, काका, अडचण काय?
म्हटलं, अडचण नाही. घर बांधतोय.

संध्याकाळी खुंट्या उपटायला गेलो.
तीन निघाल्या.
चौथीवरनं शेजाऱ्याचं कंपाउंड गेलंय.
राहू दे.
कुणाच्या तरी पायात आहोत.

आज परत फोन. दुसरं घर,
गावाच्या अजून एक मैल बाहेर, पुढं नुसतं बर्फ.
शालन म्हणाली, आकडा सांगून टाका तिला एकदाचा.
मी सांगितला. वर शंभराला एक.
"हे वरचं कशाला, पप्पा?"
गार मुलूख आहे बाई, म्हटलं, असू दे.

ती काही बोलली नाही बराच वेळ.
नेट गेलं असावं.
मग पलीकडं, लांबून,
कुणीतरी भिंत वाजवल्यासारखं वाटलं.