सात मिलिमीटर

आउने तिर्कोनेन बर्फाची जाडी मोजते.
कुओपिओच्या तळ्यावरचा हिवाळी रस्ता
ती म्हणेल तेव्हाच उघडतो.
मी रोज तिच्या शब्दावर
गाडी पाण्यावरून हाकत इस्पितळात येतो.

आज पडद्यावर तिला तिचंच डोकं दाखवलं.
धमनी जिथं दुभंगते, तिथं
देठाला लगडलेला एक फुगवटा.
"किती?"
सात मिलिमीटर.
"नि भार किती पेलेल?"
ते मोजता येत नाही, म्हटलं.
"भोक पाडून बघत नाही वाटतं तुम्ही,"
ती हसली. मी नाही.

बुधवारी जांघेतून शिरलो,
काळजाला वळसा घालून मानेतून वर,
आणि केसाहून बारीक प्लॅटिनमची तार
त्या पातळ पिशवीत सोडत राहिलो,
वेटोळ्यावर वेटोळं.
नर्स सायमी श्वास धरून उभी.
रक्त तोंडाशी आलं, घुटमळलं,
मग आपल्या जुन्या वाटेनं निघून गेलं.

एप्रिलात फोन आला.
मागं वारा, गिरमिटाची घरघर.
"अठराच उरलंय. आजपासून रस्ता बंद,
तुम्ही लांबून या."
बरं, म्हटलं.
"आणि तुमच्याकडचा?"
कालचं चित्र समोरच होतं.
बंद आहे, आउने.
पक्का बंद.