पिंपाच्या काठावर

मलेरिया खात्याचे किणी शिडीवर चढले
तेव्हा मी खाली, त्यांच्या चपला पावसातून आत ओढत.
खिंडीपाड्याच्या या टोकाला नळ तासभर येतो,
म्हणून निळं पिंप. म्हणून झाकण. झाकणाला भेग.
वरून आवाज आला, "ताई, साबण सांडलाय का इथे?"

साबण नव्हे.
परवा रात्री दीडला ऐकलं होतं मी,
मोरीमागे कुणी नखानं लाकूड ठोकावं तसं
टक्, टक्टक्, थांबून पुन्हा टक्.
उठून पाहिलं तर पाठीवर बारका नर घेऊन ती
भेगेतून आत, पिंपाच्या कडेला चिकटलेली,
मागच्या पायांनी आपल्यातलंच काही घुसळत,
बेकरीतला पोऱ्या अंड्याचं पांढरं फेटतो तसं, न थकता.
उजाडेपर्यंत मुठीएवढा फेस.
ती गेलेली.

तीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या मी
संग्रहालयाच्या मागल्या खोलीत,
स्पिरिटात न विरघळणाऱ्या शाईनं.
याच्या बाटलीत कुणी आधी हायला लिहिलेलं,
नंतर कुणी ऱ्हॅकोफोरस,
मी पॉलिपेडेट्स.
खोर्शेदबाई बजावायच्या, जुनी चिठ्ठी फेकायची नाय,
नवी तिच्या मागे सोडायची.
म्हणून बाटलीत बेडूक एक, नावं तीन,
आणि तो काचेला पाठ करून
एकोणीसशे अकरापासून, कुणालाच ओ न देता.

"बोटाच्या टोकाशी जादाची एक कूर्चा असते," मी सांगितलं,
"शेवटचं हाड वायसारखं फाटलेलं.
त्यावरून कूळ ठरतं. मग प्रजाती, मग जात."
"बेडकांतही जात?" किणी शिडीवरूनच.
"आहे. पण त्यांची बदलता येते."
ते हसले नाहीत. टॉर्च फेसावर धरून राहिले.

याचेच भाऊबंद वर जंगलात आहेत, करवंदीच्या जाळीत,
अंगठ्याच्या नखाएवढे.
त्यांना ना फेस लागतो, ना तळं.
पानाआड अंडी, अंड्यातून थेट
चार पायांचा पुरा बेडूक.
शेपूट नाही, पोहणं नाही.
"म्हणजे कामावरच हजर," किणी म्हणाले,
आणि खिशातून फॉर्म काढला.

साठलेलं पाणी: आहे.
अळी: आहे, नाही. (एकावर खूण करा.)
कारवाई: ओतून दिले, औषध टाकले.
पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं.
फेसाला रकाना नव्हता.

"यांची पिल्लं डासांच्या अळ्या खातात," मी म्हटलं.
खात असतील.
मी पाहिलेले बेडूकमासे सगळे बाटलीतले,
काही न खाणारे.
"किती दिवस?"
"फेस चार-पाच. पुढे पाय फुटेपर्यंत दोन महिने."
"आम्हाला आठ दिवसांचा नियम आहे."
एवढं बोलून ते उतरले, चपला घातल्या,
गल्लीच्या वळणाशी गेले,
आणि परत आले ते मच्छरदाणीचा तुकडा घेऊन.
पिंपाला सुतळीनं बांधला. गाठ दोनदा तपासली.
फॉर्मवर काय लिहिलं ते दाखवलं नाही.

फेस वरून पिवळट झाला, पापुद्रा धरला.
पाचव्या रात्री लाईट गेली होती.
अंधारात पिंपातून आवाज, थप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग थप् थप्, जणू कुणी
ओल्या हातानं एकेक ठिपका पाण्यात सोडतंय.

सकाळी सवयीनं चिठ्ठी कापली, शाई काढली.
ठिकाण: भांडुप, पिंपाची आतली कड.
तारीख लिहिली.
संग्राहक: कोणी नाही.
नावाची ओळ तशीच ठेवून
चिठ्ठी सुतळीत खोचली.
मंगळवारी किणींनी ती वाचली
आणि खाली, पेन्सिलीनं,
पुढच्या भेटीचा वार लिहिला.