पाव्हना

साक्रीच्या पुढे रस्ता सोडला की
काळ्या दगडाची एक भिंत
शेतांमधून सरळ निघून जाते.
कुणी बांधली नाही ती.
आमच्या विषयात डाइक. गावात, राक्षसाची मेर.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन तडकली,
तडकेतून खालचा तापला रस वर चढला, चढता चढता थिजला.
भोवतालचं सगळं झिजून गेलं.
मेर राहिली.

एवढं पुस्तकात होतं.
पुढचं सुपडू भामरेने दाखवलं,
क्रशरच्या खाणीत ड्रिल मारायचा तो,
कानात कापूस, भुवयांवर पांढरी पूड.
काळ्या कातळात मुठीएवढा एक गुलाबीसर तुकडा,
गुळाच्या ढेपेत शेंगदाणा अडकावा तसा.
"हाऊ आठला नई शे, ताई.
हाऊ पाव्हना शे."

खरंच होतं त्याचं.
वर येताना रसाने खालच्या कवचाचा लचका तोडलेला,
कितीतरी किलोमीटर खालून.
माझ्या काकांची बोअर साडेसातशे फुटांवर कोरडी गेली तेव्हा
ते म्हणाले होते, आता खाली काहीच नाही.

सोळा किलो पाहुणे मी भाजीच्या पोत्यात बांधून
एसटीने पुण्याला नेले,
कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं, वय विचारलं नाही.
मग फोडले.
क्रशर करतो तेच, जरा हळू.
चाळले, धुतले, चुंबक फिरवलं, जड द्रवात बुडवले,
शेवटी बशीत उरले एकेचाळीस कण,
खसखशीहून बारीक. झिरकॉन.

झिरकॉनचं असं असतं,
जन्मताना तो युरेनियमला घरात घेतो,
शिशाला दारातही उभं करत नाही.
नंतर आत शिसं सापडलंच
तर ते घरातच म्हातारं झालेलं युरेनियम.
किती सापडलं, यावरून किती काळ गेला ते कळतं.

यंत्राने रात्री पावणेतीनला आकडा दिला:
दोनशे त्रेपन्न कोटी वर्षं.
अधिक-उणे एक कोटी वीस लाख.
त्या अधिक-उण्याच्या एका कोपऱ्यात
माणसाची सगळी जात
भांडून, नांगरून, मरून पुन्हा मावते.
मी दिवा मालवला आणि डबा खाल्ला. भरीत आंबलं होतं.

पुढच्या पौषात सांगायला गेले.
मेर नव्हती.
नव्या हायवेवरून जीप इतकी गुळगुळीत चालली
की ड्रायव्हर खूश होता,
आणि मी पाय उचलून बसले होते,
कशावरून चाललोय ते माहीत असल्यासारखी.

सुपडू घरीच होता. खोकत होता.
उंबऱ्याशी तोच गुलाबी तुकडा,
विळ्याला धार लावायला ठेवलेला, मध्ये खोलगट झालेला.
मी नावाचं विचारलं तेव्हा म्हणाला,
आधीची चार गेली, पाचव्याला आईने सुपात घातलं,
शेजारणीला देऊन टाकलं,
पसाभर ज्वारी देऊन परत विकत घेतलं.
म्हणून सुपडू.
मला बशीतले एकेचाळीस आठवले.

आकडा सांगितला.
कोटीवर शून्यं किती, त्याने विचारलं.
सात, म्हटलं. त्याने बोटांवर सात मोजली,
आठव्या बोटाकडे थोडा वेळ बघितलं.
"आनि तेना पहिले?"

बायकोने चहा आणला होता, त्यावर साय धरू लागली.
मी सांगितलं,
सतराव्या कणाच्या पोटात आणखी एक कण आहे,
गोल, काळपट, कडा झिजलेल्या,
म्हणजे हा त्याच्याभोवती नंतर वाढला.
तो कधीचा ते कळलं नाही.
आमच्या लेसरचा ठिपका त्याच्याहून मोठा होता.

सुपडू खोकला, हसला, कप खाली ठेवला.
"ऱ्हाऊ द्या मंग.
पाव्हनाले इतलं इचारू नई."