सावली कामून कापली

सेलूत आता पासपोर्ट फोटोसाठी कुणी
माझा जिना चढत नाही.
शटर अर्धं ओढून रात्री
पोरापोरींनी पाठवलेले फोटो उघडत बसतो.
मावळते सूर्य फार येतात.
गोदाकाठचे तर विचारू नका.

मंगळवारी दैवशाला घुगे. जिनिंगवर रोजंदारी,
मोबाइलची काच तडकलेली.
एकच फोटो, खाली एक अक्षर नाही.
सरकीच्या पोत्याला टेकलेली बाई,
पापण्या पांढऱ्याफटक,
ओठांशी धरलेली बशी
आणि चहावर तरंगणारं कापसाचं एक तूस.

मी खुर्चीतून उठलो. परत बसलो.
तीस वर्षं म्हणत आलो, हनुवटी वर, हलू नका,
आणि ही इथं, रुळांच्या पल्याड.

नाव ठळक टाकलं, गाव टाकलं.
पुण्याच्या दोन संपादकांना पाठवलं,
एकाला तर दोनदा.
सकाळपर्यंत हजारभर बदाम.
कुणी परदेशातून विचारलं, कोण ही?

जेवणाच्या सुट्टीत तिचा मेसेज :
"सर, माझी सावली कामून कापली?"

होती खरी. डावीकडे, खाली,
फरशीवर उचललेली दोन कोपरं,
डोक्याला गुंडाळलेलं फडकं.
मला ती चूक वाटली होती.
सवयीनं कातरली,
जन्मभर पासपोर्टच्या कडा कातरल्या तशी.

फोटो पुन्हा चढवला, अख्खा.
बदाम परत शून्यापासून.

रात्री शटर ओढताना पाहिलं,
सात झाले होते.
त्यातला एक तिचा.