नॉर्थ शील्ड्स ते साउथ शील्ड्स

विमा कंपनीच्या बाईनं फोनवर विचारलं,
छातीत शेवटची कळ कधी आली?
शालन खरं बोलली.
नॉर्वे गेलं. आगाऊ भरलेले पैसे गेले.
विणून ठेवलेले लोकरीचे चार मोजे
तेवढे राहिले.

शालन माझी कुणी नाही.
अठरा वर्षांपूर्वी यॉर्कच्या सहलीत
बसमध्ये तिच्या शेजारची सीट रिकामी होती,
तेव्हापासून.

तर आज, त्याच तारखेला,
आम्ही फेरीच्या धक्क्यावर.
तिच्या हातात चाकांची बॅग.
"रिकामी आहे," ती म्हणाली,
"पण हात हलवत का कुणी प्रवासाला निघतं?"
पासपोर्टही घेतला होता तिनं.
मी काही बोलले नाही.
माझा माझ्या पर्समध्ये होता.

टाइन नदी इथं समुद्राला मिळायच्या बेतात,
पाणी रंगानं उरलेल्या चहासारखं,
आणि सीगल पक्षी माशांच्या दुकानावर
वसुलीला आल्यासारखे बसलेले.

तिकीट बघणाऱ्या केनीच्या कानात बाळी.
बॅगेकडे बघून म्हणाला, कुठं निघालात, पेट?
(इथं कुणालाही पेट म्हणतात.
पहिल्या वर्षी शालन चिडायची,
मी काय मांजर आहे?)
"नॉर्वे," शालन म्हणाली.
तो हसला नाही. टोपी नीट केली.
"मग डाव्या बाजूला बसा. समुद्र तिकडं आहे."

इंजिन थरथरलं, बाकातून कमरेपर्यंत मुंग्या आल्या.
शालननं काहिलीची गोष्ट काढली.
वारणेला पूर, गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडलेली,
आत ती, तिचा मामा, एक शेळी,
आणि काहील गरगर फिरतेय,
गाव एकदा तोंडासमोर, एकदा पाठीशी.
"किती वेळ लागला गं?" दर वेळी मी विचारते.
दर वेळी ती वेगळं सांगते.
आज म्हणाली, "सात मिनिटं."
फेरीच्या वेळापत्रकावर तेवढीच लिहिलेली.

मग नदीच्या मध्यावर इंजिन मंदावलं.
केनी ओरडला, जरा थांबावं लागेल,
मोठी बोट बाहेर पडतेय.

उजवीकडून आली ती. आमची.
बारा मजले, पांढरीफेक,
एखादी हाउसिंग सोसायटी
पायासकट सुटून वाहत निघाल्यासारखी.
सातव्या मजल्यावर, टोकापासून चौथी बाल्कनी.
खोलीचा नंबर अजून आम्हा दोघींना पाठ.
तिथं एक टकलू माणूस
हातात कप घेऊन उभा होता,
आमच्या कपात.

शालन उठली. आधी बाकाला धरून,
मग न धरता.
खांद्यापासून अख्खा हात हलवला तिनं.
टकलूनंही हलवला बिचाऱ्यानं.
"जपून जा गं," ती बोटीला म्हणाली,
"पोचलीस की कळव."

बोट गेली, आणि तिच्या मागून लाट आली.
फेरी डोलली, बॅग सुटली,
घरंगळत एका शाळकरी पोराच्या पायाशी.
त्यानं ती एका बोटावर उचलून आणली.
"हिच्यात काहीच नाहीये," तो म्हणाला.
"येताना भरणार," शालन म्हणाली,
आणि इतकी हसली की मला
तिच्या छातीकडे बघावंसं वाटलं.
नाही बघितलं.
घड्याळ बघितलं. एकोणीस मिनिटं.

साउथ शील्ड्सला उतरल्यावर
तिनं पर्समधून मळमळीची गोळी काढली.
"मुदत याच महिन्यात संपतेय," म्हणाली,
आणि पाण्याशिवाय गिळली.

परतीची फेरी अर्ध्या तासानं होती.
रांगेत आम्हीच पहिल्या.