देवाच्या पाठीमागची भिंत

शाळेच्या कागदावर सहीसाठी दोन रेघा होत्या,
एक वडिलांची, एक आईची.
मी दोन्हींवर सही केली,
पहिली जरा दाबून.
नऊ वर्षं झाली, कुणी विचारत नाही.

सहल महेश्वरला. सकाळी सहाला बस, रात्री नऊला परत.
तळाशी बारीक अक्षरात :
नौकाविहार हवामान पाहून.
त्या दिवसापासून माझ्या पोटात
एक होडी डुलत होती.

मी पलासियाच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते.
बाटलीवर नाव, वय, वेळ लिहून चिकटवते.
आजवर एकदाही अदलाबदल नाही.
घरीही तेच. ओजसच्या डब्याला लेबल,
पाण्याच्या बाटलीला लेबल,
स्वेटरच्या कॉलरला आतून, दोऱ्याने शिवलेलं.
ओजसला तेवढं
कुठे लावावं कळलं नाही.

तो दोन वर्षांचा होता तेव्हा
खजरान्याला, गणपतीच्या देवळामागच्या भिंतीवर
मी सिंदुरानं उलटं स्वस्तिक काढलं होतं.
इच्छा पुरी झाली की लोक परत येतात, सुलटं काढतात.
नोकरी लागली, सुलटं.
मूल झालं, सुलटं.
कुणाची बारा वर्षांची केस निकाली निघाली, पेढ्यांसकट सुलटं.

माझं मागणं होतं : ह्याला काही होऊ देऊ नकोस.

आता हे पुरं झालं असं
कुठल्या तारखेला म्हणायचं?
दर चतुर्थीला जायचे, उधारी मागायला गेल्यासारखी.
लक्षात आहे ना, म्हणायचे.
गोवर झाला तेव्हा. सायकलवरून पडला तेव्हा.
पाठीमागून बोलायला बरं असतं,
त्याचे डोळे दिसत नाहीत.

सहलीच्या दिवशी, अजून अंधार होता,
शाळेच्या अलीकडच्या वळणावर तो म्हणाला,
"आई, तू इथंच थांब."
पोह्यांच्या ठेल्याच्या वाफेत मी थांबले.
बसच्या खिडक्या धुक्यानं भरलेल्या,
कुठला हात त्याचा, कळेना.
मी सगळ्याच हातांना हात केला.

अकरा वाजता लॅबमध्ये एक आजोबा आले.
शीर सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं.
माझ्या मनात मानपूरचा घाट, ड्रायव्हरची झोप, नर्मदेची खोली.
आजोबा म्हणाले, "बेटा, मैं उधर देखता हूँ, तू कर ले."
आणि खरंच तोंड फिरवून
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.
हात माझ्यापाशी सोडून.
जसं काही तो हात
आता त्यांच्या हिशोबातच नव्हता.

तिसऱ्यांदा शीर मिळाली.
मला नीट लेबल लिहिता येईना.

जेवणाच्या सुट्टीत रिक्षा केली, खजराना म्हटलं.
बस परत आलेली नव्हती.
होडी पाण्यात असेल ह्याच सुमाराला,
की नसेल. फोन पर्समध्येच राहू दिला.
माझं जुनं स्वस्तिक तिथे नव्हतंच,
नऊ वर्षांत हजारोंनी त्यावर आपापलं काढलेलं.
मोकळी जागा शोधली, बोटभर.
सुलटं काढलं.

शेजारची बाई, हातात तिचं ताजं सिंदूर,
म्हणाली, "मन्नत पूरी हुई, दीदी?"
"नाही," मी म्हटलं, मराठीतच. "थकले."
तिला कळलं असावं. तिनं सरकून जागा दिली.
मग पहिल्यांदाच मी रांगेत लागले
आणि समोरून दर्शन घेतलं.
काही मागितलं नाही असं नाही.
मागता मागता
मान दुसरीकडे वळवली.

बस दहा वाजता आली.
स्वेटर हरवला होता, लेबलासकट.
गुडघ्याला चिखल, खिशात नर्मदेचे सहा गोटे,
सगळे एकसारखे, त्याला मात्र प्रत्येक वेगळा.
"होडीत बसलास?"
"हो. आणि पूर्ण वेळ
हात पाण्यात सोडला होता."

मी ओरडले नाही.
म्हणजे, थोडीच ओरडले.