रकाना क्रमांक सात

अर्जात सातवा रकाना आहे: प्रेक्षकवर्ग.
वय, लिंग, शहर, उत्पन्न.
आधीचे सहा मी हर्णैच्या एस.टी.त भरले,
सातव्यापाशी थांबले, त्याला आज अकरावा दिवस.

निर्माते फोनवर म्हणतात,
"सगळ्यांसाठी, असं लिहू नका.
सगळ्यांसाठी म्हणजे कुणासाठीच नाही, मॅडम.
अठरा ते पस्तीस टाका. पुणे, ठाणे. चालून जातं."

माझ्या सिनेमात एक बाई
नऊ मिनिटं बोंबील वाळत घालते.
अठरा ते पस्तीस, ठाणे,
माझ्या उशाशी उभे राहून घड्याळ बघतात.

म्हणून काल रात्री
बर्फाच्या कारखान्यामागच्या भिंतीवर
कच्चं संकलन दाखवलं. चादर मिळाली नाही.
भिंतीचा चुना एका जागी पोपडा धरून निघालेला,
नायिकेचा चेहरा मोठा झाला की
तो बरोबर तिच्या गालावर यायचा.

एकतीस माणसं, दोन कुत्री.
सुरुवातीला कुणी सिनेमा बघतच नव्हतं,
जो तो आपली होडी शोधत होता.
"ती बघ, रंग काढायच्या आधीची!"
नवरा बुडाल्याचा निरोप येतो तिथे
मागून एकजण टोपल्या मोजत होता.

गफूर होडेकर जाळी विणतात.
त्यांना मी विचारलं, जरा शहाणपण मिरवत,
आस केवढी ठेवायची हे मासा बघून ठरतं ना?
म्हणजे आधी प्रेक्षक, मग सिनेमा...
त्यांनी सुई दातांत धरली, काढली.
"मासा खुशीनं येत नाय, बाई.
तुमच्याकडं लोक पैसे देऊन येनार.
जाळ्याचं नका सांगू."

यमुना पावसे भिंतीकडे पाठ करून
कोळंबी सोलत होत्या.
अख्खा सिनेमा त्यांनी कानांनी पाहिला.
म्हणाल्या, लिलावातली पोरगी खोटी.
बाराशे बोलायच्या आधी कुणी श्वास घेतं का?
घेतला की समोरची ओळखते.
(ते वाक्य आम्ही मुंबईत, काचेच्या खोलीत
नंतर बोलवून घेतलं होतं.)

निहाल, अठराला चार महिने कमी,
मोबाइलवर दुसराच सिनेमा बघत होता.
वादळ आलं तेवढी मान वर.

तेविसाव्या मिनिटाला
बर्फाचा ट्रक आला.
द्वारका दोरकुळकर उठली, गमबूट चढवले,
लाद्या मोजून दिल्या, चाळीस.
परत आली तेव्हा भिंतीवर दुसरंच वर्ष चालू होतं.
तिनं कुणाला काही विचारलं नाही.
गार हात बगलेत धरून उभी राहिली,
एक मिनिट, दोन,
मग शेजारणीला हळूच,
"म्हणजे हिनं होडी विकली नाय तर."

हे मी कुठेही सांगितलेलं नाही.
तो प्रसंग कापला होता, लांबी वाढते म्हणून.
राहिलं होतं फक्त नायिकेच्या नखांत
थोडं डांबर.

तिची गैरहजेरी भरली एकोणीस मिनिटं.
सकाळपासून मी तीच लावून बसले आहे,
पुन्हा पुन्हा, ती जिथे नव्हती तिथून बघत.
सहा मिनिटं गळाली. व्हायोलिन तर सगळंच.
"आता माझं कसं होणार" हे वाक्यही गेलं,
ठाण्याला समजावं म्हणून घातलेलं.

ठाऊक आहे, द्वारका तिकीट काढणार नाही.
थिएटर दूर, तिची पाळी रात्रीची.
पण ठाण्यातही कुणीतरी
दूध उतू गेलं म्हणून उठत असेल,
आणि ओल्या हातांनी दारात उभं राहून
न विचारता गोष्ट जुळवत असेल.

सातव्या रकान्यात लिहिलं:
वय, सांगितलं नाही. उत्पन्न, रोजावर.
मधून उठून जाईल. परत येईल.
अक्षरं रकान्यात मावली नाहीत,
आठव्यात शिरली.
आठवा: प्रदर्शनाची तारीख.
तिला सुट्टी कधी असते,
विचारायचं राहिलं.